पिकअपच्या हौद्यात कॅम्पर: आधी दारावरचं स्टिकर वाचा, मग शोरूममध्ये जा

अमेरिकेत काही वर्षं काढली की आपल्या मंडळींना आरव्हीची, म्हणजे चाकांवरच्या घराची, हौस येतेच. मोटरहोम ड्राइव्हवेत मावत नाही आणि एचओए, म्हणजे वसाहतीची कमिटी, ती उभी करू देत नाही. ट्रेलर घ्यावा तर रिव्हर्स घेताना नवरा-बायकोचं बोलणं बंद होतं. तंबूत सासूबाईंना झोपवायची हिंमत कोणाची नाही. मग नजर जाते पिकअपच्या हौद्यात बसणाऱ्या स्लाइड-इन कॅम्परकडे. वर पलंग, खाली ओटा, फ्रिज, छोटं बाथरूम आणि मागे काहीही ओढायचं नाही. मला हा प्रकार मनापासून आवडतो आणि मेरीलँडहून बराच देश आम्ही असाच पाहिला. म्हणून कोणी विचारलं की मी फोनवर तासभर बोलतो. तेच आता लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. "माझ्याकडे फोर्डचा एफ-150 पिकअप आहे, त्यावर कुठला कॅम्पर बसेल?" हा प्रश्न मला सारखा येतो, आणि तो उलटा आहे. आधी कॅम्पर ठरवा, त्याचं भरलेलं वजन काढा आणि मग तेवढं पेलणारा ट्रक घ्या. ट्रक आधीच दारात असेल तर तो जे पेलतो त्याच्यापुढे मोहात पडू नका. कॅम्परवाल्या डीलरला तुमच्या ट्रकची काळजी नसते. "लोक नेतात हो, काही होत नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते ऐकलं की उठून बाहेर येतो.

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्ट्याचं स्टिकर असतं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये. हे तुमचं पेलोड. ब्रोशरमधला किंवा जाहिरातीतला आकडा विसरा. तो सर्वात हलक्या मॉडेलचा असतो. एकाच मॉडेलच्या शेजारी-शेजारी उभ्या दोन ट्रकांत सनरूफ, क्रू कॅब (चार दारांची केबिन), फोर-व्हील ड्राइव्ह, डिझेल इंजिन यांमुळे कित्येकशे पौंडांचा फरक पडतो. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा बरंच जड असतं, आणि बऱ्याच थ्री-क्वार्टर टन ट्रकांची (एफ-250, रॅम 2500 वगैरे) भरलेल्या ट्रकच्या एकूण वजनाची मर्यादा, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, 10,000 पौंडांपाशीच थांबवलेली असते. म्हणजे इंजिनचं वाढलेलं वजन थेट तुमच्या पेलोडमधून जातं. डिझेल ओढायला राजा, पण पाठीवर घ्यायला तोच ट्रक पेट्रोलमध्ये बरा पडू शकतो. हे बऱ्याच जणांना पटत नाही. दोन्ही ट्रकांची दारं उघडून स्टिकरं वाचा, मग पटेल.

आता कॅम्परचं वजन. ब्रोशरवर ड्राय वेट असतं, समजा 2,400 पौंड. हे रिकामं खोकं. पाणी गॅलनला सुमारे 8.3 पौंड, म्हणजे 30 गॅलनची टाकी भरली की 250 पौंड. 20 पौंडी प्रोपेनचे दोन सिलिंडर भरलेले, नळकांडं धरून साधारण 75. छतावरचा एसी, ऑनिंग (दारावरचं गुंडाळायचं कापडी छत), जादा बॅटरी यांचे 200 धरा. भांडी, कपडे, अंथरुणं, शिधा, खुर्च्या, हत्यारं यांचे 400. हे 400 वाचून बायको म्हणेल की एवढं आपण नेतच नाही. नेतो. तांदळाची पिशवी, कुकर, मसाल्याचा डबा, "थंडी पडली तर" म्हणून घेतलेल्या चार रजया मोजा. इथवर झाले 3,325. वर चार माणसांचे 600. एकूण 3,925 पौंड, आणि ब्रोशरवर फक्त 2,400 लिहिलेले. म्हणजे 3,000 पेलोडचा थ्री-क्वार्टर टन ट्रक इथे पुरत नाही, वन टन (एफ-350, रॅम 3500 वगैरे) लागतो.

स्लाइड-इन कॅम्परवर वजनाचं लेबल लावणं उत्पादकाला केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे. त्यात स्टँडर्ड उपकरणं, पाणी आणि गॅस धरलेला असतो, म्हणून ब्रोशरपेक्षा ते लेबल जास्त खरं. पण डीलरने नंतर बसवलेल्या वस्तू त्यात नसतात. जुना कॅम्पर घेताना मागच्या मालकाने काय काय चढवलंय ते छतावर शिडी लावून बघा.

ढोबळमानाने सांगायचं तर हाफ टन ट्रकवर, म्हणजे एफ-150, रॅम 1500, सिल्व्हरॅडो 1500 वर, हलका पॉप-अप बसतो. त्याचं छत कापडी भिंतींसकट वर उचलायचं आणि प्रवासात खाली बसवायचं. कडक भिंतींचा साधा, स्लाइड-आउट (मुक्कामी बाहेर सरकणारा भिंतीचा भाग) नसलेला कॅम्पर थ्री-क्वार्टर किंवा वन टनवर. स्लाइड-आउट आणि वेगळी शॉवर-संडास असलेला मोठा कॅम्पर हवा असेल तर मागे चार चाकांचा ड्युअली घ्या आणि वाद संपवा. मागच्या एक्सलवर एअरबॅग (हवा भरलेल्या पिशव्यांचे स्प्रिंग) आणि जादा स्प्रिंग लावले की मर्यादा वाढते असं सांगणारे भेटतील. त्याने ट्रक सरळ उभा राहतो, डुलणं कमी होतं, आणि ते मीही लावलेत. पण दारावरचा आकडा त्याने एका पौंडानेही वाढत नाही. एक्सल तोच, चाकं तीच, ब्रेक तेच.

टायर वेगळे बघावे लागतात. साध्या पॅसेंजर टायरवर कॅम्पर चढवू नका. एलटी (लाइट ट्रक) प्रकारचे, लोड रेंज ई, म्हणजे जड भाराचा दर्जा, असलेले हवेत. उदाहरणार्थ एलटी275/70आर18 ई हा टायर 80 पीएसआयवर 3,640 पौंड पेलतो, म्हणजे मागच्या दोन चाकांवर 7,280. रिकाम्या ट्रकचंच मागच्या एक्सलवर वजन असतं हे लक्षात ठेवून वजाबाकी करा. टायरच्या कडेवर कमाल भार आणि त्यासाठी लागणारी हवा छापलेली असते. चष्मा लावून वाचा.

वजनाइतकंच महत्त्वाचं ते कुठे बसतं हे. कॅम्परच्या कडेवर गुरुत्वमध्याची खूण असते आणि ट्रकच्या कागदपत्रांत तो मध्य हौद्यात कुठे यायला हवा याचा पट्टा दाखवलेला असतो. खूण मागच्या एक्सलच्या पुढे पडली पाहिजे. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं, तसंच इथे होतं. पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पोकळ लागतं आणि ब्रेक दाबल्यावर पुढची पकड कमी पडते. साडेपाच-साडेसहा फुटी हौद्यावर आठ फुटी हौद्याचा कॅम्पर लटकवायचा बेत बहुतेक इथेच फसतो. हौदा मोजताना लांबी, चाकांच्या कमानींमधली रुंदी आणि कडांची उंची तिन्ही घ्या. नव्या ट्रकांचे हौदे खोल आणि टपं उंच असतात, त्यामुळे जुन्या कॅम्परचा पुढचा पलंग टपावर टेकू शकतो. तेव्हा हौद्यात प्लायवूड टाकून कॅम्पर वर घ्यावा लागतो. प्लास्टिकचा सुटा लायनर असेल तर तो काढून टाका, त्यावर कॅम्पर सरकतो. जाड रबरी मॅट अंथरा.

जुना कॅम्पर बघायला गेलात तर खरा शत्रू पाणी. दार उघडल्यावर आधी वास घ्या, कुबट असेल तर तिथूनच सावध व्हा. मग वरच्या पलंगावर चढा, गादी उचला आणि पुढचे दोन्ही कोपरे अंगठ्याने दाबत या. लाकूड टणक लागलं पाहिजे. अंगठा आत गेला किंवा भिंतीचा कागद लाटांसारखा फुगलेला दिसला तर आतली फ्रेम कुजलेली आहे, कितीही स्वस्त देत असला तरी निघा. कॅम्पर उचलून उभा ठेवणारे पाय, म्हणजे जॅक, जिथे बोल्टने जखडलेले असतात ते चार कोपरेही असेच तपासा, सगळं धूड त्यांच्यावर उभं राहतं. बिगफूट आणि नॉर्दर्न लाइट हे ब्रिटिश कोलंबियातले दोन मेक फायबरग्लासच्या दोन अर्ध्या कवचांचे असतात. सांधे कमी, म्हणून गळायच्या जागा कमी. महाग आणि जड, पण जुन्या बाजारात मी त्यांच्याकडे आधी बघतो. झोपायची सोयही चढून बघा. पलंग आडवा असेल तर रात्री बाथरूमला जाणारा माणूस दुसऱ्याच्या अंगावरून जातो. आईबाबा येणार असतील तर त्यांना खालचं डिनेट (जेवणाचं टेबल मोडून होणारा पलंग), त्यांच्या गुडघ्यांना ती चढण झेपत नाही.

चढवणं हे दोन माणसांचं काम आहे, आणि त्यातला एकच बोलतो. सपाट जागा, रिकाम्या टाक्या. टेलगेट काढून बाजूला, त्यातल्या कॅमेऱ्याची वायर आधी सोडवा. हौदा झाडून घ्या, एक खडा मॅटखाली राहिला तरी त्रास देतो. कॅम्परचे चारही जॅक चालवून तळ हौद्याच्या वर चार बोटं येईपर्यंत उचला. जमीन मऊ असेल तर जॅकखाली लाकडी फळ्या. उचलताना आणि उतरवताना नाक शेपटीपेक्षा थोडं वर ठेवा. मी हौद्याच्या पुढच्या भिंतीच्या मध्यावर आणि कॅम्परच्या पुढच्या भिंतीच्या मध्यावर रंगीत चिकटपट्टी लावलीय. मागे घेताना आरशात न बघता मी बायकोच्या हातांकडे बघतो, आणि ती त्या दोन पट्ट्यांकडे. तिचा तळवा उभा झाला की ब्रेक, मग कारण विचारायचं नाही. ट्रक इंचाइंचाने न्यायचा, इडलिंगवर, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता. कमानींच्या दोन्ही बाजूंना सारखी फट राहिली पाहिजे. ड्युअली असेल तर पुढचे जॅक बाहेर फिरवणारे ब्रॅकेट लागतात, नाहीतर मागची रुंद चाकं मध्ये मावत नाहीत.

पुढे टेकला की चारही जॅक थोडे थोडे खाली. ट्रक दबत जाताना स्प्रिंगांचा करकर आवाज येतो, तो ठीक. मग कॅम्परच्या दिव्यांचा सात-पिनी प्लग ट्रकला जोडून मागचे दिवे तपासा. नंतर चार टाय-डाउन, म्हणजे कॅम्पर ट्रकला जखडणारे ताण. पुढचे दोन पुढच्या दिशेला तिरपे, मागचे मागच्या दिशेला. ते ट्रकच्या फ्रेमला जोडलेले असावेत, हौद्याच्या पत्र्याला नकोत. 2015 पासूनच्या एफ-150 चा हौदा अ‍ॅल्युमिनियमचा आहे, तिथे तर मुळीच नको. सामान बांधायचे रॅचेट पट्टे इथे चालत नाहीत, ते ताणले जातात. स्प्रिंग असलेले टर्नबकल (फिरवून आवळायचे धातूचे ताण-स्क्रू) घ्या, चारही सारखे आवळा आणि पहिल्या थांब्यावर पुन्हा आवळा, कारण कॅम्पर पहिल्या मैलांत थोडा बसतो. जॅक पूर्ण वर गेलेत का हे ट्रकभोवती एक प्रदक्षिणा घालून बघा.

पहिल्या सफरीआधी सगळं भरून, माणसं बसवून, ट्रक-स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकांच्या वजनकाट्यावर, जा. पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा येतो. दारावरच्या एक्सल मर्यादांशी ताडून बघा. हिशेब आणि काटा यांत फरक आला तर काटा खरा.

चालवताना उंची सतत डोक्यात हवी. एसी धरून उंची मोजा आणि फूट-इंचांत लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅममधला कुप्रसिद्ध रेल्वेपूल 11 फूट 8 इंचांचा होता, 2019 मध्ये उचलून 12 फूट 4 इंच केला, तरी गाड्या त्याला धडकतच राहिल्या. पण आपल्याला खरा धोका पेट्रोलपंपाच्या छपराचा, ड्राइव्ह-थ्रूचा आणि कॅम्पग्राउंडमधल्या फांद्यांचा. वाऱ्यात वेग उतरवा. कोलोरॅडोत आय-70 वरचा आयझनहॉवर बोगदा 11,000 फुटांच्या वर आहे, तिथून उतरताना टो-हॉल मोड (जड ओझ्यासाठीचं गिअरचं सेटिंग) आणि खालचा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. त्या उंचीवर डाळ शिजायलाही कुकरच लागतो, तेव्हा तो वजनात धरलेला बरा. फोडणी देताना पंखा आणि खिडकी उघडी ठेवा, नाहीतर अलार्म अख्ख्या कॅम्पग्राउंडला उठवतो. चालत्या गाडीत कॅम्परमध्ये कोणाला बसू देत नाही, काही राज्यांत चालत असलं तरी. मुलं कितीही मागे लागली तरी सीटबेल्ट पुढेच आहेत.

आणि प्रोपेन. निघताना व्हॉल्व्ह बंद. बाल्टिमोरच्या हार्बर टनेल आणि फोर्ट मॅकहेन्री टनेलमध्ये 10 पौंडांहून मोठा सिलिंडर न्यायला मनाई आहे, म्हणजे आपले 20 पौंडी बाद. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की ब्रिजवरून जायच्या. तो 26 मार्च 2024 ला जहाज धडकून पडला. आता आय-695 या रिंगरोडने शहराच्या पश्चिमेकडून वळसा घ्यायचा. जीपीएस हे सांगत नाही, तो बिनदिक्कत बोगद्याकडेच वळवतो.