घरातली इन्व्हर्टर बॅटरी: या चुका टाळा

१२ व्होल्टचा शॉक लागत नाही, हे खरं. म्हणूनच ठाण्या-वाशीच्या फ्लॅटमध्ये बॅटरी चपलांच्या कपाटात, नाहीतर थेट देवघराखाली सरकवलेली असते. धोका शॉकचा नाहीच. गॅसचा आणि करंटचा आहे.

पाणी घालायच्या ट्युब्युलर बॅटरीतून चार्जिंग संपत आलं की हायड्रोजन सुटतो. हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. तो हलका, वर साचतो. त्यामुळे कपाटाला फक्त खाली भोकं पाडून भागत नाही, वरही जाळी हवी. आणि देवघरात समई तेवत असेल तर बॅटरी तिथून हलवाच. बाल्कनी चालेल, पावसाची झड येत नसेल तर.

पाण्याच्या बाबतीत तर लोकांच्या कल्पकतेला तोड नाही. कोणी आरओचं ओततं, कोणी एसीच्या नळीचं. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, तेही फ्लोटच्या, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या काडीच्या, वरच्या खुणेपर्यंतच. काठोकाठ भरलं तर चार्जिंगच्या वेळी ॲसिड बाहेर येतं. पातळी उतरली म्हणून ॲसिड घालू नका. उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड दिसली, तर जोड सैल पडून तापायच्या आत साफ करा. इन्व्हर्टर बंद, प्लग बाहेर, हातमोजे-चष्मा घाला, अंगठी-कडं उतरवा, आधी निगेटिव्ह वायर सोडा. पाना दोन्ही टर्मिनलना एकदम टेकला तर क्षणात शेकडो अँपिअर धावतात आणि पाना हातातच तापतो. बुचं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. सोडा आत गेला तर ॲसिड निकामी होतं. कोरडं झालं की वायर जोडून, घट्ट करून वरून व्हॅसलीन.

२४ व्होल्टच्या जोडीतली एक बॅटरी गेली म्हणून एकच नवी घेणं ही काटकसर महागात पडते. जुनी लवकर भरते आणि उरलेला वेळ तिचं ओव्हरचार्जिंग होत राहतं. पॉझिटिव्ह वायरवर, बॅटरीच्या जवळ, डीसीचा, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचा, फ्यूज हवाच. घरातला साधा एमसीबी (जास्त करंट आला की पडणारा स्विच) एसी करंटसाठी, म्हणजे घरातल्या मेन लाइनच्या विजेसाठी असतो, त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

लिथियम घेतली असेल तर इन्व्हर्टरचं चार्जिंग सेटिंगही तिच्यासाठी बदलून घ्या.

बॅटरी फुगली, चटका बसण्याइतकी तापली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर खिडक्या उघडा, बॅटरीजवळचं कुठलंही बटण दाबू नका, चार्जिंग लांबच्या मेन स्विचवरून तोडा आणि मेकॅनिकला बोलवा.