किनाऱ्यावरच्या गावात व्यसनमुक्ती मंडळ चालवताना

गावातल्या स्वयंसेवकांनी व्यसनमुक्तीचे काम हाती घेताना सर्वांत आधी एक नियम पक्का करावा: रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडायची नाही. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून शपथ घेण्याची आपली रीत आहे आणि तिचा मान मोठा आहे. परंतु वर्षानुवर्षे दारूला सरावलेले शरीर शपथेने आवरत नाही. शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 24 तासांत हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या 48 तासांत आकडी येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भास होऊन माणूस बरळू लागला तर जिवावर बेतते. म्हणून शपथ जरूर घ्यावी, मात्र तिचा दिवस डॉक्टरांना विचारून ठरवावा.

असा माणूस ओळखणे अवघड नसते. पहाटे जेट्टीवर जो दोन्ही हातांनी कप धरतो, तरीही ज्याचा चहा बशीत सांडतो, आणि थोडी दारू पोटात गेल्यावरच ज्याचा हात स्थिर होतो, त्याला उपदेश करत बसू नये. त्याच्यासोबत स्वतः रुग्णालयात जावे. नुसता पत्ता लिहून दिलेला कागद खिशातच राहतो.

खलाशाने बोटीवर असताना दारू सोडून पाहणे तर फारच धोक्याचे, कारण आकडी आली तर किनारा कित्येक तासांवर असतो. यांत्रिक बोटींची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते. होड्या शाकारलेल्या असतात, माणूस घरी असतो. उपचार सुरू करायला हाच काळ उत्तम. परगावचे खलाशी मात्र या दिवसांत आपापल्या गावी जातात, त्यामुळे त्यांच्याशी बोलणे मे महिन्यातच व्हायला हवे.

रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण त्या नावालाच घरचे बिचकतात. अशा वेळी आधी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर किंवा व्यसनमुक्तीच्या 14446 या राष्ट्रीय क्रमांकावर बोलणे करून द्यावे. खासगी केंद्र निवडताना ते 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदलेले आहे का, हे पाहावे. रुग्णाला साखळीने बांधण्यास त्या कायद्याने मनाई आहे.

जेवणातून चोरून दारू सोडवणाऱ्या गोळ्या देण्याचा सल्ला बायकांना अनेकदा मिळतो. तो द्यायचा नाही, आणि कोणी देत असल्यास थांबवायचे. अशा गोळ्यांतल्या डायसल्फिराम या औषधावर दारू पडली तर रक्तदाब एकदम खाली जाऊन माणूस दगावू शकतो.

गांजा किंवा ब्राऊन शुगर घेणाऱ्या मुलांचे आईवडील पोलिसांच्या भीतीने गप्प राहतात. त्यांना सांगावे की 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यात, स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यापुरते, खटल्यापासून संरक्षण देणारे कलम 64अ आहे.

कोणी पिऊन बेशुद्ध आढळला तर लिंबूपाणी पाजू नये. कुशीवर वळवावे, श्वास पाहावा, 108 ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत जवळून हलू नये.

शिमग्यात किंवा गणपतीत, चाकरमान्यांच्या बैठकीत, दारू सोडलेला माणूस पुन्हा पितोच असे नाही, पण अनेकदा पितो. त्याचे नाव मंडळाच्या फळ्यावरून पुसू नये, चारचौघांत विषय काढू नये. दुसऱ्या दिवशी एकाच स्वयंसेवकाने त्याच्या पडवीत जाऊन बसावे आणि डॉक्टरांकडे पुन्हा कधी जायचे, एवढेच विचारावे.