सी ड्राइव्ह लाल झाला की, हात लावण्याआधी

कॉम्प्युटरमधल्या सी ड्राइव्हची पट्टी निळ्याची लाल झाली, की १० टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली आहे असं समजायचं. शेजारी डी आणि ई मोकळे दिसत असतात. मग घाईघाईने पार्टिशनचं एखादं सॉफ्टवेअर डाउनलोड करून तिकडची जागा इकडे ओढायचा प्रयत्न होतो आणि डेटा जातो तो इथेच. प्रत्यक्ष काम सगळ्यात शेवटी येतं. त्याआधीच्या तयारीला एक अख्खी संध्याकाळ ठेवा.

पहिली गोष्ट म्हणजे कागद-पेन. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या भागात डिस्क ०, डिस्क १ अशा आडव्या पट्ट्या दिसतील. एक पट्टी म्हणजे हातात धरता येईल अशी एक खरी डिस्क. सी, डी, ई ही तिच्यातल्या खोल्यांची, म्हणजे पार्टिशनांची नावं. कोणतं अक्षर कोणत्या डिस्कवर, एकूण जागा किती, मोकळी किती, हे लिहून काढा. एकाच वाड्यातल्या दोन खोल्यांमधली भिंत सरकवता येते, पण शेजारच्या वाड्यातली खोली आपल्या घराला जोडता येत नाही. सी जर एसएसडीवर (चिपवाल्या वेगवान डिस्कवर) असेल आणि डी वेगळ्या हार्ड डिस्कवर, तर कुठलंही सॉफ्टवेअर डीची जागा सीला देऊ शकत नाही. तिथे पार्टिशनचा विचार सोडा आणि फाइली हलवायच्या तयारीला लागा. लिहिताना आकडे कमी दिसले तरी घाबरू नका: १ टीबीची डिस्क विंडोज ९३१ जीबी दाखवतं, २५६ ची २३८. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. आणि हातासरशी प्रत्येक ड्राइव्हला नाव देऊन टाका, ‘हिशेब’, ‘फोटो’, ‘जुनी कामं’. पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क लावल्यावर अक्षरं बदलू शकतात, नाव बदलत नाही.

मग डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर प्रत्येक डिस्कसाठी उघडा. हार्ड डिस्कमध्ये ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींतले (डिस्कवरच्या खराब जागांच्या नोंदींतले) कच्चे आकडे शून्य हवेत. तिथे पिवळा रंग दिसला तर त्या डिस्कवर पार्टिशन हलवायचं नाही, आधी डेटा बाहेर काढायचा. एकटा सी७ (डेटा ये-जा करताना झालेल्या चुकांची नोंद) वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा केबलचा असतो. पुण्यातल्या तपकीर गल्लीसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून नवी साटा केबल (डिस्क मशीनला जोडणारी) आणून बदला आणि आकडा पुढे वाढतो का ते बघा. डिस्क फेकू नका.

बॅकअप दुसऱ्या डिस्कवरच हवा. सीचा बॅकअप त्याच डिस्कवरच्या डीमध्ये ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हेच. मराठी फोल्डरांच्या बाबतीत इथे एक अडचण हमखास येते. विंडोजमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांत बसावा लागतो, आणि देवनागरीतली मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. ‘विद्यार्थ्यांची’ हा डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द, मोजणीत १५ भरतो. फोल्डरात फोल्डर, त्यात लांबलचक मराठी नावं, असं असेल तर नेहमीची कॉपी मध्येच अडते. ‘स्किप’ दाबलं की ती फाइल मागेच राहते आणि ते लक्षातही येत नाही. रोबोकॉपी ही विंडोजमधलीच कॉपी करायची कमांड लांब पत्ते सांभाळते. तिचा एमआयआर (/MIR) हा स्विच, म्हणजे कमांडपुढे जोडायचा पर्याय, मात्र टाळा, कारण मूळ जागी नसलेलं सगळं तो बॅकअपमधून पुसून टाकतो. कॉपी झाल्यावर दोन्हीकडची फाइलसंख्या जुळवा आणि पाच-सहा फाइली दुसऱ्या मशीनवर खरोखर उघडून बघा.

डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं लावायचं काम करणाऱ्यांनी फॉन्टकडे विशेष लक्ष द्यावं. युनिकोडच्या (सगळीकडे सारखं दिसणाऱ्या टायपिंगच्या) आधीच्या फाइली, म्हणजे श्रीलिपीसारख्या फॉन्टांमधली जुनी पुस्तकं, पत्रिका, अहवाल, त्या फॉन्टाशिवाय नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसतात. फॉन्ट सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात असतात, म्हणून त्यांची कॉपी, इन्स्टॉलर आणि डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी लावावी लागणारी किल्ली) असेल तर तोही एकत्र ठेवा. टॅली प्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा वेगळी जागा दिली नसेल तर सी ड्राइव्हच्या पब्लिक फोल्डरात असतो. ‘माझं सगळं डीवर आहे’ म्हणणाऱ्यांचा हिशेब नेमका तिथेच राहतो.

बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, फक्त त्याच मशीनमध्ये सेव्ह करून उपयोग नाही.

विजेचा विचार पुण्यात वेगळा करावाच लागतो. पार्टिशन पुढे-मागे सरकवताना त्यातला सगळा डेटा नव्याने लिहिला जातो, आणि हार्ड डिस्कवर त्याला काही तास लागतात. मध्ये वीज गेली तर अर्धा डेटा जुन्या जागी, अर्धा नव्या जागी. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस मशीन नीट बंद करण्यापुरताच असतो. देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा वार बहुधा गुरुवार, तो टाळा. पावसाळ्यातली वादळी संध्याकाळही टाळा.

आता जागा कशाने खाल्ली ते शोधा. विझट्री हे सॉफ्टवेअर एनटीएफएसची (विंडोजच्या फाइल ठेवायच्या पद्धतीची) यादी थेट वाचतं, त्यामुळे काही सेकंदांत चित्र दाखवतं. घरगुती वापराला ते फुकट आहे, ऑफिसात लायसन्स लागतं. विनडिरस्टॅट मुक्त सॉफ्टवेअर असल्याने तिथेही चालतं. दोन्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, नाहीतर बंद फोल्डरांमधली जागा मोजलीच जात नाही. हायबरफिल दिसली तर ती हायबरनेशनची (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करायच्या सोयीची) फाइल, ती बंद केली की फास्ट स्टार्टअपही जातं. कोरलड्रॉच्या ‘बॅकअप ऑफ’ने सुरू होणाऱ्या फाइली आणि फोटोशॉप अचानक बंद पडल्यावर उरलेल्या टेंप फाइली यांत बरीच जागा निघते. विनएसएक्सएस आणि विंडोजमधलं इन्स्टॉलर ही फोल्डरं कितीही मोठी दिसली तरी हाताने पुसायची नाहीत. पहिल्याने विंडोजचे अपडेट अडतात, दुसऱ्याने सॉफ्टवेअर काढता किंवा दुरुस्त करता येत नाहीत. बसवलेले प्रोग्रॅमही कट-पेस्ट करून हलवू नका. काढून दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा बसवा.

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स डीवर न्यायचे तर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. इथे डीमध्ये आधी ‘डॉक्युमेंट्स’ नावाचं फोल्डर बनवा आणि तेच निवडा. नुसता डी निवडला तर अख्खा डी ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होऊन बसतो, आणि ते परत फिरवणं फार किचकट असतं. वनड्राइव्ह त्या फोल्डरचा बॅकअप घेत असेल तर आधी तो थांबवा.

दोन्ही ड्राइव्ह एकाच डिस्कवर असतील आणि पार्टिशनच वाढवायचं असेल, तर डिस्क मॅनेजमेंटमधली पट्टी पुन्हा बघा. ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ला सीच्या लगेच उजवीकडे रिकामी जागा लागते. डी ‘श्रिंक’ (लहान) केला की जागा डीच्या उजव्या टोकाला सुटते, सीपासून लांब, म्हणून तो पर्याय फिकटच राहतो. कधी मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं येतं, आणि मग नुसता डी काढूनही भागत नाही, तेही सरकवावं लागतं. मध्ये फक्त डी असेल तर दोन रस्ते: डीमधलं सगळं बाहेर काढून डीचं पार्टिशनच डिलीट करायचं, किंवा जीपार्टेड या पार्टिशनच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून डी उजवीकडे सरकवायचा. बॅकअप पक्का असेल तर पहिला रस्ता सोपा आणि जास्त भरवशाचा. श्रिंक करताना मोकळी जागा १०० जीबी असूनही विंडोज १०-१२ च देत असेल, तर मध्ये न हलणारी फाइल बसली आहे. पेजफाइल (मेमरी कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल), हायबरनेशन आणि सिस्टिम रिस्टोअर तात्पुरतं बंद करा, मशीन रीस्टार्ट करा, पुन्हा प्रयत्न करा.

काम झाल्यावर जुन्या प्रती लगेच पुसू नका. आठवडाभर रोजचं काम नव्या जागेवरून करा, टॅली उघडा, एखादी जुनी पत्रिका छापून बघा. एसएसडीवर हे फार महत्त्वाचं, कारण तिथे रीसायकल बिन रिकामा केला की ट्रिममुळे (पुसलेली जागा रिकामी झाल्याचं एसएसडीला कळवणाऱ्या सोयीमुळे) ती जागा लवकरच आतून साफ होते आणि रिकव्हरीवाल्याच्या हाती सहसा काही लागत नाही.