पहिलं मशीन विकू नका : सीएनसी प्लाझ्मा मशीन बनवण्याचा धंदा कसा सुरू करावा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आबांचं फॅब्रिकेशनचं दुकान. काम मुख्यतः उसाच्या ट्रॉलीचं. स्प्रिंगचे ब्रॅकेट, गसेट (जोडाला बळकटी देणारी पट्टी), बेस प्लेट हे सगळं आम्ही पत्र्याचा फर्मा ठेवून, खडूनं आखून गॅस कटरनं कापायचो. कापायला जेवढा वेळ, त्याहून जास्त ग्राइंडर मारायला. गळीत हंगामाच्या तोंडावर तर रात्री दहापर्यंत ग्राइंडरच चालू. पहिलं सीएनसी प्लाझ्मा मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं विजेच्या आर्कच्या झोतानं पत्रा कापणारं मशीन, मी बनवलं ते त्या ग्राइंडरला कंटाळून. विकायचं तेव्हा डोक्यातही नव्हतं.

आज आम्ही तीच मशीन बनवून विकतो. नवीन पोरं विचारायला येतात, त्यांना मी आधी एकच सांगतो: पहिलं मशीन विकू नका. दुकानात ठेवा, एक पूर्ण हंगाम त्यावर जॉबवर्क करा आणि जे जे बिघडेल ते वहीत लिहा. माझ्या दोन वह्या भरल्या. पुढचं सगळं त्यातलंच आहे.

प्लाझ्माचा पॉवर सोर्स, म्हणजे आर्कला वीज पुरवणारी पेटी, स्वतः बनवायच्या नादी लागू नका, तो विकतच घ्या. घेताना मागे सीएनसी पोर्ट आहे का बघा: टॉर्च (ज्यातून झोत निघतो ते हत्यार) चालू करायचा सिग्नल, आर्क लागल्याचा सिग्नल आणि कमी करून दिलेला आर्क व्होल्टेज, तिन्ही हवेत. हाय फ्रिक्वेन्सीनं आर्क सुरू होणारा सोर्स हातानं कापायला चालतो. कंट्रोलरशेजारी, म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीशेजारी, बसवला की डोकेदुखी. शिवाय माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात छापलेली जाडी बहुधा कडेपासून कापण्याची असते. आपल्याला प्लेटच्या मधोमध भोक पाडून आत शिरायचं असतं आणि ती जाडी बरीच कमी. गिऱ्हाइकाला हाच कमी आकडा सांगा.

टेबल बनवणं आपल्या हातचं काम, म्हणून तिथंच गाफीलपणा होतो. माझी पहिली फ्रेम वेल्डिंगच्या ओढीनं पिळली आणि दोन्ही रूळ समांतर येईनात. तेव्हापासून रूळ बोल्टवर बसवतो, खाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) देऊन लेव्हल करतो, आणि पाण्याचा ट्रे फ्रेमपासून सुटा ठेवतो, म्हणजे कापण्याची उष्णता रुळांपर्यंत जात नाही. गँट्रीला, म्हणजे टॉर्च वाहून नेणाऱ्या आडव्या पुलाला, दोन्ही बाजूंनी मोटर द्या. एका मोटरवर ओढली की लांबचं टोक मागं राहतं.

आता अर्थिंग. यावर मी तीन आठवडे घालवले आणि जवळजवळ सगळं मोडीत काढायला निघालो होतो. मशीन रिकामं झकास धावायचं. आर्क लागला की मधेच थांबायचं आणि लिमिट स्विच (टोकाला पोहोचल्यावर मशीन थांबवणारा) लागला म्हणून सांगायचं. स्विचला कुणी हात लावलेला नसायचा. आर्कचा नॉइज, म्हणजे विजेचा गोंधळ, वायरीत शिरून खोटे सिग्नल देत होता. उपाय एकच नव्हता, चार होते. टेबलाजवळ स्वतंत्र अर्थचा खड्डा. सगळ्या अर्थच्या वायरी एकाच बिंदूवर. सिग्नलला शील्ड केबल (वरून धातूचं आवरण असलेली) आणि तिचं शील्ड फक्त एका टोकाला अर्थ. टॉर्चची केबल मोटरच्या वायरींपासून लांब. न्यूट्रलला अर्थ समजणारा वायरमन भेटला तर त्याला काम देऊ नका. माणूस दगावू शकतो.

दुसरी खरी परीक्षा टॉर्चच्या उंचीची. पातळ पत्रा तापला की फुगतो, आणि आमच्या टॉर्चला कापताना प्लेटपासून दीड मिमीच्या आसपासच राहावं लागतं. अंतर वाढलं की आर्कचा व्होल्टेज वाढतो. तो बघून हाइट कंट्रोल टॉर्च खालीवर करतो. कोपऱ्यावर मात्र मशीन हळू होतं, चीर रुंदावते, व्होल्टेज चढतो, आणि कंट्रोलला वाटतं टॉर्च वर गेलाय. तो टॉर्च खाली आपटतो. म्हणून कोपऱ्यात आणि लहान भोकांत उंची लॉक करा. टॉर्चच्या आतला इलेक्ट्रोड झिजतो तसाही व्होल्टेज चढतो, त्यामुळे सकाळची सेटिंग संध्याकाळी बरोबर असेलच असं नाही. ट्रे पाण्यानं भरलेला असेल तर नुसत्या विजेच्या स्पर्शानं प्लेट शोधण्यावर विसंबू नका; ओल्या प्लेटवर फसवणूक होते. आम्ही तरंगतं हेड आणि मायक्रो स्विचही देतो, म्हणजे टॉर्च प्लेटला टेकून वर उचलला की स्विच दाबला जातो.

पहिल्या जूनमध्ये नोझल (टॉर्चच्या टोकाचं तोंड) भराभर जायला लागले. टॉर्चमध्ये दोष शोधत बसलो. आबा आले, कंप्रेसरच्या टाकीचा कॉक उघडला, आणि गढूळ पाणी वाहायला लागलं. म्हणाले, ‘‘हवा म्हणून पाणी पाजतोयस की रे त्याला.’’ कोल्हापूरच्या पावसाळ्यात एअर ड्रायर ही चैन नाही. कोटेशनमध्येच लिहा, नाहीतर नोझलचा खर्च तुमच्या मशीनच्या नावावर लागतो.

गिऱ्हाईक आम्हाला जॉबवर्कमधूनच मिळालं. गसेट न्यायला येणारा एक ट्रॉलीवाला कापलेली कड बोटानं चाचपून म्हणाला, असलंच मशीन मला करून दे. उद्यम नोंदणी आणि जीएसटी तेव्हाच केलं. बँकेच्या कर्जातून मशीन घेणाऱ्याला रीतसर कोटेशन आणि बिल लागतंच. पैशांचा आमचा नियम: निम्मे ऑर्डरबरोबर, चाळीस टक्के मशीन दुकानातून निघायच्या आधी, दहा टक्के चालू करून दिल्यावर. पुढच्या एका गिऱ्हाइकाला आधी मशीन आणि नंतर पैसे अशी सवलत दिली. ते पैसे यायला वर्ष लागलं आणि मोटरवाल्याची उधारी आबांनी भागवली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पहिली पाच मशीन मोटरसायकलनं तासाभरात पोहोचता येईल एवढ्याच टापूत विका. हंगामात मशीन बंद पडलं तर त्या माणसाची रोजची मजुरी अंगावर पडते. तुम्ही दुपारपर्यंत दारात असायला हवं.

शिकवायचं ते मालकाला नाही, ऑपरेटरला. बाहेरची कड घड्याळाच्या दिशेनं कापायची, भोक उलट दिशेनं, कारण नेहमीच्या टॉर्चची चांगली कड चालण्याच्या उजव्या हाताला येते. खाली जाड, फुगीर, हातोडीच्या टोल्यानं पडणारा मळ दिसला तर वेग कमी आहे. बारीक आणि चिकटून बसलेला असेल तर वेग जास्त. हे एकदा उमगलं की पोरगा फोन न करता स्वतः वेग लावतो. ॲल्युमिनियम मात्र पाण्याच्या ट्रेवर मला विचारल्याशिवाय कापायचं नाही, हे मी लिहून घेतो. पाण्यात पडलेल्या त्याच्या कणांतून हायड्रोजन सुटतो, प्लेटखाली साठतो आणि पेट घेतो.

मशीन ताब्यात देताना सहा मिमीच्या प्लेटमधून शंभर मिमीचा चौकोन कापतो, मधे वीस मिमीचं भोक. दोन्ही कर्ण कॅलिपरनं ऑपरेटरकडूनच मोजून घेतो. त्या तुकड्यावर मार्करनं तारीख, वेग आणि व्होल्टेज लिहून तो कंट्रोलरच्या पेटीत ठेवतो. वर्षानं तक्रार आली की आधी तोच काढायला लावतो, तसाच दुसरा कापतो, आणि दोन्ही शेजारी ठेवून दोष शोधायला बसतो.