वर्गात एकटं पडलेलं मूल कसं शोधावं? वर्गशिक्षकासाठी छोटं कृतिसंशोधन

कृतिसंशोधन म्हटलं की बऱ्याच शिक्षकांना डी.एड., बी.एड.ची फाइल आठवते. समस्या, गृहीतकं, उद्दिष्टं, निष्कर्ष असे मथळे आणि मागच्या बॅचच्या कुणाच्या तरी फाइलवरून उतरवलेले तक्ते. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी 1946 च्या लेखात मांडलेली मूळ कल्पना मात्र साधी आणि कामाची होती: आखणी करा, करून बघा, काय झालं ते तपासा आणि त्यावरून पुढची आखणी करा. मुलांचं मन जपण्यासाठी वर्गशिक्षकाला ही पद्धत सोयीची पडते, कारण गप्प झालेलं मूल आधी त्याच्याच नजरेस पडतं. निदान पडायला हवं.

1. प्रश्न लहान करा

‘विद्यार्थ्यांचं भावनिक आरोग्य’ या विषयावर पीएच.डी. होईल, वर्गात काही होणार नाही. ‘सहावी ब मधली कोणती मुलं मधल्या सुट्टीत एकटी असतात, आणि गट बदलल्यावर फरक पडतो का?’ एवढा प्रश्न पुरे. उत्तर मिळाल्यावर जीआरची वाट न बघता उद्यापासून तुम्हाला काही बदलता येणार असेल, तर प्रश्न बरोबर आहे. घरची ओढाताण, वडिलांचं व्यसन ही कारणं खरी असतात, पण ती तुमच्या हातात नसतात. बाकांची मांडणी, पंगत आणि खेळाचा तास तुमच्या हातात असतात.

2. आधी परवानगी, मग कागद

मुख्याध्यापकांना लेखी कळवा, पालकसभेत सांगा, आणि मुलांनाही सांगा की उत्तर द्यायचं नसेल तर चालेल. दुसरी तयारी जास्त महत्त्वाची. विचारायला लागलं की एखादं मूल अनपेक्षित काही बोलून जातं. लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आमच्यातच मिटवू’ हा पर्याय नाही. मुलांसाठीची मदतवाहिनी 1098 आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416 हे क्रमांक वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. निदान करणं हे शिक्षकाचं काम नाही. कुणाच्या नावापुढे ‘डिप्रेशन’ लिहू नका.

3. माहिती तीन बाजूंनी गोळा करा

सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे समाजमिती, म्हणजे गटात कोण कुणाला निवडतं ते टिपणं. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी 1930 च्या दशकात ती रूढ केली, बी.एड.ला आपण ती पाठही केली आणि विसरलो. प्रत्येक मुलाला चिठ्ठी द्या आणि विचारा: ‘डबा खायला तुला कुणाकुणाबरोबर बसायला आवडेल? तीन नावं लिही.’ ‘कोण आवडत नाही?’ हे कधीही विचारू नका. सुट्टीत त्याचा बोभाटा होतो आणि आधीच बाजूला पडलेलं मूल आणखी बाजूला पडतं.

मग घरी मोठ्या कागदावर प्रत्येकासाठी एक गोल काढा, आत हजेरी क्रमांक लिहा आणि निवडणाऱ्याकडून निवडलेल्याकडे बाण काढा. अर्ध्या तासात वर्गाचा नकाशा तयार होतो. एखाद्या गोलाकडे आठ बाण येतात. कुठे तिघींचं बंद वर्तुळ असतं. आणि काही गोलांकडे एकही बाण येत नाही. इथे घाई करू नका. ते मूल कदाचित नवीन दाखल झालेलं असेल. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर हंगाम काढून परतलेलं असेल, आणि तोवर वर्गातले गट पक्के झालेले असतील. काही मुलांना एकटं राहणं खरंच आवडतं.

म्हणून आठवडाभर मधल्या सुट्टीत एकाच जागी दहा मिनिटं उभे राहा आणि वहीत नुसत्या खुणा करा: एकटं, जोडीनं, गटात. हजेरीपटही चाळा. एखादं मूल नेमकं खेळाच्या तासाच्या दिवशी गैरहजर राहतंय का?

4. एकच गोष्ट बदला

चार उपाय एकदम केले, तर कशाचा गुण आला ते कळत नाही. समजा, खुणांवरून दिसलं की गोची खेळाच्या तासाला आहे. दोन कप्तान पुढे येतात, एकेक भिडू निवडतात, आणि शेवटी उरलेल्या मुलावरून ‘तू घे, तू घे’ अशी ढकलाढकली होते. सगळ्या वर्गासमोर, दर आठवड्याला. कप्तानांची निवड बंद करून चिठ्ठ्या टाकून संघ पाडा. पाच-सहा आठवडे एवढंच करा. मध्ये घटक चाचणी किंवा गॅदरिंग येणार नाही असा काळ निवडा, कारण गॅदरिंगच्या तालमीत वर्गातली सगळी समीकरणं तशीही बदलतात.

हुशार मुलीला बोलावून ‘याला जरा सांभाळून घे गं’ असं सांगायचा मोह होतो. तो टाळा. त्यानं त्या मुलाचं एकटेपण जाहीर होतं.

5. पुन्हा मोजा, आणि मुलांशी बोला

तोच प्रश्न, त्याच पद्धतीनं विचारा. चाळीस मुलांच्या वर्गात एक-दोन बाण इकडचे तिकडे झाले, तर त्याला यश म्हणू नका. चार-पाच मुलांशी सहज बोला: ‘हल्ली खेळाच्या तासाला कसं वाटतं?’ काहीच बदललं नसेल, तर तेही लिहा. फसलेला उपाय लिहून ठेवला, तर शेजारच्या वर्गावरच्या बाई तोच पुन्हा करणार नाहीत.

6. दोन पानांत मांडा

प्रश्न काय होता, काय केलं, काय दिसलं, पुढे काय करणार. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एवढं दहा मिनिटांत सांगता येतं. सांगताना ना नावं, ना हजेरी क्रमांक. छोट्या गावात ‘सहावीतली, ऊसतोडीला जाणारी मुलगी’ एवढ्यावरूनही ती ओळखू येते, तेव्हा असे तपशील गाळा. नकाशा आणि चिठ्ठ्या टेबलाच्या खणात ठेवू नका, काम झालं की फाडून टाका.