उन्हाळ्याच्या तोंडावर घरातल्या कुंड्यांची पानं उलटून बघा

हवा कोरडी आणि गरम व्हायला लागली की घरातल्या झाडांवर कीड पडायला वेळ लागत नाही, आणि बऱ्याच जणांच्या ती लक्षात येते तोवर पानं पिवळी पडून गळायला लागलेली असतात. मग घाईघाईत एक फवारणी होते, चार दिवस बरं वाटतं आणि पंधरा दिवसांत परत तेच. लोक औषध बदलतात, डोस वाढवतात, पण मुळात फवारणी एकदाच करून सोडून दिलेली असते तिथेच गाडी अडते. साबणाचं पाणी असो की निंबोळी तेल, अंगावर पडलं तर फिरणारी कीड मरते, अंडी मात्र बरीचशी तशीच राहतात आणि आठवड्यात नवी फौज तयार. म्हणून पहिल्यांदाच ठरवून टाका की दर ५ ते ७ दिवसांनी, निदान ३ ते ४ वेळा फवारायचं, मधेच झाड छान दिसायला लागलं तरी थांबायचं नाही.

आता ओळखायचं कसं. आठवड्यातून एकदा पाणी घालताना चार पानं उलटून बघा, शेंडा बघा, आणि देठ खोडाला जिथे चिकटतो तो बेचका बघा, बहुतेक सगळ्या किडी तिथेच लपतात. बेचक्यात कापसाचे पुंजके दिसले तर तो मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. त्या पुंजक्यात एकेका मादीची शेकडो अंडी असतात त्यामुळे नुसता किडा उचलून भागत नाही, पुंजका पूर्ण निघाला पाहिजे. पान किंवा खाली टेबल चिकट लागत असेल, त्यावर काळी काजळी धरत असेल, मुंग्यांची रांग कुंडीवर चढत असेल तर नक्की समजा की रस शोषणारी कीड आहे, मावा, मिलीबग, खवले किंवा पांढरी माशी यातलं काहीतरी. मुंग्या त्या चिकट्यासाठी येतात आणि किडीला खाणाऱ्या मित्रकिडींना हाकलून लावतात, त्यामुळे मुंग्यांचाही बंदोबस्त करावाच लागतो.

खवले कीड सगळ्यात जास्त फसवते. खोडावर किंवा पानाच्या मधल्या शिरेवर तपकिरी, चपटे फुगवटे असतात, हलत नाहीत, बघणाऱ्याला वाटतं झाडाचाच भाग आहे. नखाने खरवडून बघा, फुगवटा सुटून आला आणि खाली खोड शाबूत असलं तर ती खवलेच. मोठ्या झालेल्या खवल्यांवर साबणाचं पाणी फारसं चालत नाही कारण वर कवच असतं, त्या जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासूनच काढाव्या लागतात, फवारा उपयोगी पडतो तो नुकत्या बाहेर पडलेल्या, फिरणाऱ्या बारीक पिल्लांवर.

पण या सीझनला सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते लाल कोळीवर. हा किडा नाहीच खरं तर, आठ पायांचा कोळ्याच्या जातीतला जीव आहे, आणि इतका बारीक की नुसत्या डोळ्याला ठिपका वाटतो. पानावर आधी सुई टोचल्यासारखे फिकट ठिपके येतात, मग पान निस्तेज करडं दिसायला लागतं, आणि जाळी दिसते तोवर प्रकरण बरंच पुढे गेलेलं असतं. शंका आली की पानाखाली पांढरा कागद धरा, पानावर टिचकी मारा, कागदावर पडलेली धूळ थोड्या वेळाने चालायला लागली तर कोळी आहे. गरम हवेत याची अंड्यापासून पूर्ण वाढ साधारण आठवडाभरात होते, म्हणून १५ दिवसांच्या अंतराने फवारून काही होत नाही. आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो, इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं कोळीवर चालत नाहीत, उलट त्याला खाणारे जीव मरून कोळी वाढलेला दिसतो, तेव्हा हातात जी बाटली आहे ती मारून बघू असं करू नका प्लीज. कोळीला कोरडेपणा आणि धूळ आवडते, त्यामुळे झाड बाथरूममध्ये नेऊन पानांच्या खालून शॉवरने जोरात धुणं हा अर्धा इलाज आहे. धुताना कुंडीचं तोंड पिशवीने बांधून घ्या, नाहीतर मातीचा चिखल होतो.

थ्रिप्स, म्हणजे बारीक लांबट फुलकिडे, असतील तर पानावर चंदेरी ओरखडे आणि त्यात काळे बारीक ठिपके दिसतात. ते अंडी पानाच्या आत घालतात आणि पुढे बरेचसे मातीत उतरून कोष करतात, म्हणून तिथे चिकाटी जास्त लागते. कुंडीभोवती उडणारी काळी चिलटं मात्र बहुतेक वेळा जास्त पाण्याचं लक्षण असतं, वरची २ ते ३ सेंमी माती नीट सुकू द्या मगच पाणी घाला, आणि मातीजवळ पिवळा चिकट सापळा लावा, हळूहळू कमी होतात.

फवारणीचं पाणी असं करा. १ लिटर कोमट पाण्यात आधी साधा लिक्विड साबण ३ ते ५ मिली, तो नीट मिसळला की निंबोळी तेल ५ मिली, आणि फवारताना बाटली सारखी हलवत राहा कारण तेल वर येतं. साबणात ब्लीच किंवा जंतुनाशक नको. आधी एका पानावर मारून एक दिवस वाट बघा, फर्न आणि मेणचट पानांच्या सक्युलंटना हे सोसत नाही. संध्याकाळी फवारा, उन्हात ठेवलेल्या किंवा पाण्याअभावी मान टाकलेल्या झाडावर अजिबात नको. पानाची खालची बाजू ओली होऊन थेंब गळेपर्यंत मारायचं, वरून शिंतोडे उडवून काही उपयोग नाही कारण साबण वाळला की त्याचं काम संपलं. मिलीबग थोडे असतील तर फवाऱ्याच्या आधी इअरबड ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेका पुंजक्याला लावा, पांढरा मेणाचा थर लगेच विरघळतो आणि खालचा गुलाबीसर किडा दिसायला लागतो. शेतातली जहाल औषधं बंद खोलीत मारणं धोक्याचं आहे, घरात लहान मुलं आणि मांजर-कुत्रं असेल तर विचारही नको.

नवीन झाड आणलं की २ ते ३ आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, बहुतेक घरात कीड येते ती अशीच पाहुणी म्हणून. आणि नत्राचं खत जपून, भरमसाट दिलं की लुसलुशीत कोवळे शेंडे येतात आणि मावा, मिलीबग आधी तिथेच बसतात. मोठ्या पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसत जा, त्यातच तपासणीही होऊन जाते, फक्त आजारी झाडाचं फडकं चांगल्या झाडाला लावू नका.

सगळं नीट करूनही झाड खंगतच चाललं असेल तर एकदा कुंडीतून काढून मुळं बघा, मुळांवर पांढरी पावडर दिसली तर मुळावरचा मिलीबग आहे, वर कितीही फवारलं तरी तो जात नाही. जुनी माती सगळी काढून मुळं धुवा, कुंडी साबणाने घासून नवीन मातीत लावा, आणि काढलेली माती दुसऱ्या कुंडीत न टाकता पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.