आर अँड डीचा टीम लीड झालात? तारीख द्यायच्या आधी हे वाचा

लीड झालात, अभिनंदन वगैरे ठीक आहे, पण पहिल्याच मीटिंगला मार्केटिंगवाले विचारणार, "फाइल कधी जाणार?" (फाइल म्हणजे औषधाच्या मंजुरीचा अर्ज) आणि तुम्ही एक तारीख बोलून बसणार. नका बोलू. निदान त्या दिवशी तरी नको.

मी वाळूजला औषधाच्या गोळ्यांच्या फॉर्म्युलेशनमध्ये आहे, त्यामुळे तेवढंच सांगतो. अ‍ॅक्सिलरेटेड स्टॅबिलिटी (गोळी टिकते का ते गरम-दमट चेंबरमध्ये ठेवून बघणं) म्हणजे 40 डिग्री, 75 टक्के ह्युमिडिटी, 6 महिने. तीन बॅच, त्यातल्या दोन तरी पायलट स्केलच्या, म्हणजे 1 लाख गोळ्या किंवा प्रॉडक्शन बॅचचा दहावा हिस्सा, जे जास्त असेल ते. हे तुम्हाला पाठच असेल. वरच्यांना मात्र वाटतं दोन माणसं वाढवली की काम लवकर होईल. माणसं वाढवून चेंबरमधले सहा महिने कसे कमी होणार?

आता खरी गोची. मीही यात सापडलोय आणि ते अजून टोचतं. तारीख गाठायची म्हणून फॉर्म्युला लॉक व्हायच्या आधीच बॅच चेंबरला चार्ज करायच्या, म्हणजे चाचणीला लावून टाकायच्या, "बाइंडर फार तर थोडा वरखाली होईल, दिवस तर मोजायला लागू देत" असं म्हणत. (बाइंडर म्हणजे पावडर बांधून धरणारा पदार्थ.) लॅबच्या छोट्या ग्रॅन्युलेटरवर (ओल्या पावडरीचे दाणे करणारं मशीन) सगळं गोड दिसतं हो. मोठ्या मशीनवर पाणी वेगळं बसतं, ग्रॅन्युल घट्ट होतात, डिसोल्युशन (गोळीतलं औषध विरघळणं) रेंगाळतं, तीन महिन्यांच्या सॅम्पलला ते आणखी घसरतं, मग बाइंडर बदला, आणि तो बदलला की नव्या बॅच, परत शून्यापासून. थोडे आठवडे वाचवायला गेलात आणि अख्खे तीन महिने पाण्यात, वर चेंबरची जागा अडवली म्हणून शेजारच्या प्रोजेक्टवाला बोटं मोडतो ते वेगळंच.

आणि आकडा काठावर आहे हे अ‍ॅनालिस्टला बहुतेक वेळा सुरुवातीलाच दिसलेलं असतं! बोलत नाही, कारण मागच्या रिव्ह्यूत कोणीतरी खराब आकड्यासाठी बोलणी खाल्लेली असतात. चारचौघांत झापायची सवय लागली ना, की हळूच रीटेस्ट करून फक्त पास झालेले आकडे तुमच्यापर्यंत येतात. मग मामला उशिराचा राहत नाही, डेटा इंटिग्रिटीचा, म्हणजे आकड्यांच्या खरेपणाचा होतो, आणि तिथे ऑडिटर कुणाचं ऐकत नाही.

इनोव्हेशन मॅनेजमेंटची सर्टिफिकेटं करायची तर करा, माझा काही विश्वास नाही. स्टेज-गेटचा (प्रत्येक टप्प्यावर प्रोजेक्ट चालू ठेवायचा की बंद ते ठरवायचं) चार्ट भिंतीवर आणि प्रत्येक गेट सताड उघडं, "हे बंद करा" म्हणायची कोणाची टाप नाही, मग उपयोग काय त्याचा? मेंटॉर हवाच असेल तर प्रॉडक्शनमधला जुना सुपरवायझर गाठा, तो मुठीत ग्रॅन्युल दाबून सांगतो बॅच कुठे चाललीय.

घाबरू नका पण. बेंच, म्हणजे लॅबमधलं हातकाम, सुटला म्हणून हात शिवशिवतात, पहिलं वर्ष सगळ्यांचंच असं जातं, होतं ठीक.

तारीख मागितली तर "फॉर्म्युला लॉक झाल्यापासून इतके महिने" असं सांगा, तेही मेलवर. आणि लॉक कशाला म्हणायचं ते आधी कागदावर आणा: कुठला बाइंडर, कुठली ग्रेड, कुठला व्हेंडर, कुठलं मशीन. खाली क्यूए (क्वालिटी अ‍ॅश्युरन्स) आणि प्रॉडक्शन दोघांच्या सह्या घ्या, एकाची नाही चालत.